पोळपाट हे एकक नव्हे: ‘रिव्हेट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या सागवानी मॉडेलवरच्या माझ्या लेखाखाली ‘रिव्हेट’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. पदरचं घालून बोलतो असं नको व्हायला.

“पॉलिश झकास, पण पंखाची मागची कड पोळपाटासारखी जाड. लाकडात ती पातळ होतच नाही. म्हणूनच ही मॉडेलं दिवाणखान्यात ठेवण्यापलीकडे कशाच्या उपयोगाची नाहीत. त्यात प्रोपेलर उलटा, पॅनेलच्या रेषा गायब, आणि मुळात धातूचं विमान लाकडात करायचंच कशाला? तेवढा वेळ प्लास्टिकच्या किटला दिला असता तर बरं. जरा मोजून बघत चला.”

रिव्हेटसाहेब, मतभेद असावेत. पण “जरा मोजून बघत चला” हा सूर वर्गात छडी घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांचा झाला. आणि मोजायला सांगणाऱ्या माणसाने अख्ख्या प्रतिक्रियेत एकही आकडा देऊ नये? मॉडेल 1:32 चं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं आहे हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत होतं. स्पिटफायर मार्क 5 (म्हणजे पाचव्या आवृत्ती) चे पंख टोकापासून टोकापर्यंत 36 फूट 10 इंच, म्हणजे मॉडेलवर 351 मि.मी. लांबी 29 फूट 11 इंच, म्हणजे 285 मि.मी. दोन्ही मापं घेऊनच काम सुरू केलं होतं. रंध्यावरच ज्याचं घर चालतं त्याला मोजायला शिकवू नये, एवढंच.

तुमचं एक म्हणणं मान्य. कडेची जाडी मी लेखात लिहायला हवी होती. आता लिहितो: कॅलिपरने पंखाच्या मध्यावर 0.7, मुळाशी (पंख धडाला जुळतो तिथे) 0.9 मि.मी. खऱ्या विमानाची कड त्या मानाने पातळच होती, यात वाद नाही. वाद आहे तो “लाकडात पातळ होतच नाही” या वाक्याशी. होते. कशी होते आणि कुठे बिघडते ते सांगतो.

मुळाशी पंखाची रुंदी 100 इंच आणि जाडी तिच्या 13 टक्क्यांच्या आसपास. 1:32 मध्ये रुंदी 79 मि.मी. आणि जाडी साडेदहा. वरचा फुगवटा खालच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून एकाच जाड फळीतून पंख कोरायचा नाही. खाली 4 मि.मी.ची आणि वर 7 मि.मी.ची अशा दोन फळ्या चिकटवायच्या. मधली डिंकाची रेघ हीच पुढच्या आणि मागच्या कडेला जोडणारी आधाररेषा. घासताना ती दोन्ही कडांना दिसत राहते, त्यामुळे मूळ पातळी हातातून सुटत नाही. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं थिनरने पुसून लगेच डिंक लावला नाही, तर रेघ नेमकी कडेपाशी उकलते.

लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीत ठेवाव्या लागतात, नाहीतर पंख मुळाशीच मोडेल. पण त्याचा अर्थ मागची कडही रेषांना समांतर जाते, आणि अर्ध्या मि.मी.ला आली की रेषेवरून लांब ढलपी निघते. दुसरा घोळ असा की पातळ कड काचकागदाखाली वाकते. तुम्ही घासता, ती खाली दबते, कागद वरून नुसता सरकतो. हात उचलला की कड परत वर. शेवटी काठ लाटांसारखा होतो, आणि लोक म्हणतात लाकूड पातळ होत नाही. लाकडाला खाली आधार दिला नव्हता, हे कोणी म्हणत नाही.

म्हणून आधी खालची बाजू पूर्ण करायची, मग पंख डबल टेपने जाड काचेवर उताणा नव्हे, पालथा चिकटवायचा, आणि कडेखाली राहिलेली फट कार्डाच्या पट्ट्यांनी भरायची. वरून 120 नंबरचा काचकागद ठोकळ्यावर ताणून, कड 1 मि.मी. उरेपर्यंतच. इथे थांबायचं. मागच्या 6-7 मि.मी. पट्टीला पुन्हा थिनरचा हात, वाळल्यावर पातळ फेव्हिक्विक पाजायचं. ते तंतूंत शिरलं की कड कडक होते. रात्रभर ठेवून 320 ने 0.7 पर्यंत. त्याहून पातळ हवी असेल तर कडेला खाच पाडून 0.4 मि.मी.ची बर्च प्लायची (बर्च झाडाच्या फिकट प्लायवुडची) पट्टी बसवता येते. रंगवायच्या मॉडेलला मी तेच सुचवीन. पॉलिशच्या मॉडेलला मात्र फिकट रेघ उघडी दिसते, म्हणून इथे केलं नाही. हा निर्णय होता साहेब, असमर्थता नव्हे.

आणि लेखातला फोटो. स्पिटफायरचा पंख मुळाशी टोकापेक्षा अडीच अंशांनी जास्त चढा असतो. मुळाशी अधिक 2, टोकाला उणे अर्धा. त्यामुळे पंख थांबायला लागला (म्हणजे उचल सोडायला लागला) की मुळापासून सोडतो, टोकाचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या हलत्या झडपा) हातात राहतात आणि वैमानिकाला हादरे बसून इशारा मिळतो. मॉडेलवर, टोकाजवळ जिथे रुंदी 30 मि.मी. उरते, तिथे या पिळाने मागची कड जवळपास सव्वा मि.मी.ने वर येते. फोटो मागून आणि जरा खालून घेतलेला आहे. कडेखालची चकचकीत बाजूही दिसते, तीच तुम्ही जाडीत धरलीत. पीळ न देता सपाट केलेला पंख तुम्हाला पातळ दिसला असता, आणि तो चुकीचा असता.

सपाट पंख बघून खूश होणाऱ्यांनी जुन्या प्लास्टिक किटलाही कॅलिपर लावावा. 1:72 च्या किटमध्ये अर्धा मि.मी.ची कड सर्रास सापडते. गुणा 72 ने. 36 मि.मी. होतात. माझे 0.7 गुणिले 32 किती ते तुम्हीच बघा.

बाकीचं थोडक्यात. प्रोपेलर उलटा नाही. या मार्कला असलेल्या मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो, समोरून उलट दिसतो. तुमच्या डोळ्यापुढे बहुधा नंतरची, उलट फिरणाऱ्या ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर होती. पॅनेलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांचे सांधे, मी मुद्दाम कोरल्या नाहीत. पॉलिशखाली त्यात लॅकर साचून काळे ओघळ दिसतात.

“धातूचं विमान लाकडात कशाला?” 1938 मध्ये इंग्लंडात डक्सफर्डला ब्रिटिश हवाई दलाच्या 19 स्क्वॉड्रनकडे आलेल्या पहिल्या स्पिटफायरच्या नाकावर दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर होता. त्याच काळातल्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या मागच्या धडावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर कापड. मॉस्किटो हे विमान तर बर्च प्लाय आणि बाल्सा या हलक्या लाकडाचंच. आणि दिवाणखान्याचं म्हणाल तर 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली होती, 1:72 ची, काळी रंगवलेली, विमान ओळखायच्या प्रशिक्षणासाठी. ती कोणाच्या शोकेससाठी नव्हती.

पुढच्या वेळी प्रतिक्रिया लिहाल तेव्हा कड किती मि.मी. हवी, मुळाशी की टोकाला, आणि कोणत्या मार्कची, एवढं द्या. 0.4 ची म्हणालात तर प्लायच्या पट्टीचा पंख करून फोटो टाकीन. पॉलिश मात्र मिळणार नाही, रंगच.