रहाड वर्षातून एकदाच उघडते

रंगपंचमी जवळ आली की आमच्या नाशिकच्या तिवंधा चौकातून गाडी काढायची सोय नसते, कारण रस्ता उकरून रहाड उघडलेली असते. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, रहाड म्हणजे पेशवेकालीन हौद. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती. वरून रिक्षा धावतात, खाली हौद आहे हे गल्लीतल्या नव्या भाडेकरूला माहीतही नसतं. सणाला गाळ उपसायचा, फुलं उकळून केलेला रंग ओतायचा, मानकऱ्यांनी पूजा करायची आणि मग धप्पा! म्हणजे काठावरून अशी उडी, की बघायला आलेला पांढऱ्या शर्टातला माणूसही रंगलाच पाहिजे. तिवंध्याचा रंग पिवळा, शनी चौकाचा गुलाबी. त्यात बदल नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत रेन डान्स होता. टँकर मागवला, तो तासाभरात संपला, दुसरा मागवला. कानामागचा हिरवा रंग चार दिवस गेला नाही. आणि स्टेजमागच्या फ्लेक्सवर काय, तर ‘पर्यावरणपूरक रंगपंचमी’!

रहाडीवर असा फ्लेक्स मी कधी पाहिला नाही. तिथे एकच हौद, एकदाच भरलेला आणि अख्खी पेठ त्याच पाण्यात. (दुपारी त्या पाण्याची जी अवस्था होते, ती डॉक्टर मित्रांनी बघू नये.) पाणी वाचवायचं म्हणून कुणी हे करत नाही, रीत आहे म्हणून करतात. मला वाटतं, आपल्याकडे भाषणापेक्षा रीतच जास्त चालते.

मावशीचंच बघा. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट गोदावरीत सोडायची. मी दहा वेळा सांगितलं, ऐकलं नाही. घाटावरचे गुरुजी एकदाच म्हणाले, “ताई, देवाला वाहिलेलं असं गाठ मारून टाकतात का?” तेव्हापासून हार-फुलं बाल्कनीतल्या कुंडीत जातात.

पण ‘जुनं ते सगळं निसर्गाचं’ हेही मला पटत नाही. दशक्रियेनंतर नदीत कपडे सोडणं हीसुद्धा रीतच. रामकुंडावर तासभर बसा, काय काय तरंगत येतं ते दिसेल. रीत म्हणून सगळंच डोक्यावर घ्यायचं नसतं, निवडावं लागतं. वडाच्या पाच झाडांवरून पंचवटी नाव पडलं म्हणून कौतुकाने सांगणाऱ्या आपल्या शहरात 2027च्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघतो. साधूंना तपासाठी वन लागायचं, हे त्या नावातच आहे की!

असो. यंदा कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, टँकर नको, सगळे मिळून तिवंध्याला धप्पा मारायला जाऊ. सत्तर जणांच्या ग्रुपात तीन अंगठे आले, आणि एक प्रश्न, “तिकडे पार्किंग मिळेल का?”