पनिशरच्या कुटुंबाच्या हत्येविषयी खुलासा

फोंडा, म्हापसा आणि डिचोली परिसरातील कॉमिकप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. पनिशर या कॉमिकमधल्या पात्रावरील २००४ चा चित्रपट मूळ कथेला धरून आहे, तर १९८९ च्या चित्रपटाने पात्राची ओळखच पुसली, असे त्यात म्हटले आहे. यातील पहिले विधान चुकीचे आहे.

१९७४ साली मार्व्हलच्या कॉमिकमध्ये अवतरलेला पनिशर, म्हणजेच फ्रँक कॅसल, हा व्हिएतनाम युद्धात लढलेला मरीन सैनिक आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेल्या त्याच्या कुटुंबाच्या नजरेस टोळीवाल्यांनी केलेली हत्या पडते आणि केवळ साक्षीदार उरू नयेत म्हणून त्याची पत्नी व दोन्ही मुले मारली जातात. २००४ च्या चित्रपटात मात्र तो एफबीआयचा अधिकारी आहे. त्याच्या कारवाईत मुलगा गमावलेला एक धनाढ्य गुन्हेगार, सूड म्हणून, प्वेर्तो रिकोत स्नेहमेळाव्याला जमलेल्या कॅसलच्या साऱ्या गोतावळ्याचा संहार घडवून आणतो. हा बदल मला मुळीच किरकोळ वाटत नाही, कारण ठरावीक शत्रूचा सूड घेऊन झाला की संपतो, पण कॉमिकमधल्या कॅसलचा लढा सबंध गुन्हेगारीशी असल्याने त्याला शेवटच नाही.

१९८९ च्या चित्रपटाबद्दलची तक्रार रास्त आहे. त्यात पनिशर साकारणाऱ्या डॉल्फ लुंडग्रेनच्या छातीवर या पात्राची ओळख असलेले कवटीचे चिन्ह नाही. ते फक्त त्याच्या सुऱ्यांवर दिसते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती अवश्य करावी, ही विनंती.