‘आयटीआय कंपन्यांना द्या, शंभर टक्के नोकरी’: जरा करार दाखवा

गटागटांतून एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: सरकारी आयटीआय कंपन्यांच्या हाती द्या. कंपनी शिकवेल आणि शिकवलं की तीच नोकरी देईल, शंभर टक्के हमी. सरकारचा एक पैसा लागणार नाही. जर्मनीत हेच चालतं. एवढं करूनही पोरं बेकार राहिली तर ती आळशी.

2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय आयटीआयसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीचं धोरण मंजूर केलं, त्यामुळे या मजकुराला आणखी वजन आलं. भागीदारी नको असं मी म्हणत नाही. बंद पडलेल्या लेथवर टर्नर घडत नाही आणि संगणकावर चालणारं सीएनसी मशीन कुठून तरी यायलाच हवं. प्रश्न त्या हमीचा आहे.

‘कंपनीने शिकवलं की नोकरी देणं तिला भागच पडतं.’

कोणत्या कायद्याने? 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम 18 प्रमाणे अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत काम शिकणारा शिकाऊ उमेदवार, हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. कलम 22 आधी सरळ सांगायचं की प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. 2014 च्या दुरुस्तीने भाषा मवाळ केली: अशा उमेदवारांच्या भरतीबाबत मालकाने आपलं धोरण ठरवावं. धोरण त्याचं, म्हणजे मर्जीही त्याचीच.

20 मार्च 2018 ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. माटुंगा ते दादर दरम्यान शेकडो तरुण रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेच्या लोकल ऐन गर्दीच्या वेळी काही तास ठप्प झाल्या. ही पोरं बाहेरची नव्हती. रेल्वेनेच त्यांना अप्रेंटिस म्हणून घेतलं होतं, शिकवलं होतं, प्रमाणपत्रं दिली होती. पुढे काय? सर्वात खालच्या स्तराच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव, त्याही परीक्षा देऊन. देशातला सर्वात मोठ्या नोकरदात्यांपैकी एक, तोही सरकारी, आपण घडवलेल्या सगळ्यांना सामावून घेत नाही. मग पुढच्या तिमाहीत किती ऑर्डर येतील हेही नक्की माहीत नसलेला चाकणचा एखादा पुरवठादार शंभर टक्क्यांची हमी कशाच्या जोरावर देणार? सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अप्रेंटिसना ‘इतर बाबी समान असतील तर’ प्राधान्य द्यावं म्हटलं, ते प्रकरणसुद्धा उत्तर प्रदेशच्या सरकारी परिवहन महामंडळाचं होतं.

‘प्लेसमेंटचे आकडेच बघा ना.’

बघूच. ‘नोकरी लागली’ हे सरकारी कागदावर कसं ठरतं, इथून सुरुवात करू. खासगी संस्थांमार्फत ग्रामीण तरुणांना शिकवणारी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 2014 मध्ये आली. किमान 70 टक्के प्रशिक्षितांना नोकरी आणि किमान 6,000 रुपये पगार, अशी तिची अट. वाचायला उत्तम. पण नोकरी मोजायची ती तीन महिन्यांची. समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला शिवणकामाच्या कोर्सनंतर परराज्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात लावलं. तीन महिन्यांचा पगार झाल्याचा कागद फाईलला लागला की ती ‘प्लेस्ड’. खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात काही उरत नाही म्हणून ती चौथ्या महिन्यात गावाकडची एसटी धरते. आकडा मात्र हलत नाही. प्रशिक्षण संस्थेचे शेवटचे हप्ते प्लेसमेंटवर अवलंबून असल्याने कागद पुरे करण्याची घाई तिलाच. नोकरी देणाऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नाही.

पंतप्रधान कौशल्य विकास योजनेवरचा, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडला गेला. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी नोकरी लागली ती साधारण 41 टक्क्यांना. त्याहून बोलकी गोष्ट बँक खात्यांची: नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदींत खाते क्रमांकाच्या रकान्यात शून्यं, ‘लागू नाही’ किंवा चक्क कोरी जागा. ज्याचं खातंच सापडत नाही, त्याची नोकरी टिकली का हे कोणाला विचारणार? योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर प्लेसमेंट योजनेपासून वेगळीच केली. प्रश्नच पेपरातून काढला, संपलं.

‘सरकारचा एक पैसा लागत नाही.’

हा दावा तर वाचतानाच पडतो. 2007-08 मध्ये 1,396 शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायचे ठरले, तेव्हा प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज केंद्राने दिलं. समितीच्या अध्यक्षपदी उद्योजक, 20 टक्के प्रवेश समितीच्या हाती. आयटीआय सुधारण्यासाठीच्या 2025 च्या पीएम-सेतू योजनेचे 60,000 कोटी मोजा: 30,000 केंद्राचे, 20,000 राज्यांचे, उद्योगांचे 10,000. म्हणजे सहापैकी पाच रुपये जनतेचे. अप्रेंटिसच्या विद्यावेतनातला काही वाटाही सरकारच उचलतं.

‘जर्मनीत हेच चालतं.’

अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून हे वाक्य इथे फारच ऐकू येतं. तिथे मुलगा आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस सरकारी व्यवसाय शाळेत असतो, हे बरोबर. पण अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योगांचं चेंबर घेतं. प्रशिक्षणाचा करार परीक्षा पास झाल्यावर संपतो आणि पुढे कामावर ठेवण्याची सक्ती कायदा तिथेही सरसकट करत नाही. धातू आणि वीज उद्योगात ती सक्ती आली ती आयजी मेटाल या कामगार संघटनेने 2012 मध्ये वेतनकराराच्या वाटाघाटीत ओढून आणली म्हणून, आणि तिलाही अपवाद आहेत. शिवाय 2020 पासून प्रशिक्षणार्थ्याला किमान मोबदला कायद्यानेच ठरलाय. पहिल्या वर्षी तो 515 युरो महिना होता. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना जर्मनी हवी असते, जर्मन युनियन नको असते.

‘पोरंच आळशी.’

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठमोठ्या कंपन्या होत्या. पहिल्या फेरीत 60,000 हून अधिक तरुणांना मिळून 82,000 हून अधिक संधी देऊ केल्या गेल्या, रुजू झाले 8,700 च्या आसपास. कारणं सरकारनेच सांगितली: ठिकाण लांब, कालावधी वर्षाचा, काम आवडीचं नाही. महिना 5,000 रुपयांत हिंगोलीचा मुलगा पुण्यात कसा राहणार, याचा हिशेब त्याच्या आईला येतो. उलट बाजूही बघा. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्यांना महिना 8,000 मिळत होते. मुळात सहा महिन्यांची ती योजना पाच महिन्यांनी वाढवली, तीही संपली, तेव्हा हेच तरुण ‘आम्हाला कामावर ठेवा’ म्हणत आझाद मैदानावर बसले. आळशी माणूस काम मागायला आंदोलन करत नाही.

हमी कशी लिहायची हे या राज्याला ठाऊक नाही असंही नाही. 1972 च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या कायद्यात मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, अशी तरतूद होती. भत्ता दिवसाला रुपयाचाच, पण काम मिळालं नाही तर पैसे कोणी द्यायचे ते कागदावर होतं. तो खर्च भागवायला व्यवसाय कर बसवला, तो आजही पगारातून कापला जातो.

आणि अप्रेंटिस कायद्याच्या त्याच कलम 22 मध्ये दुसरं पोटकलम आहे. प्रशिक्षणानंतर उमेदवाराने त्याच मालकाकडे काम करावं अशी अट करारात असेल, तर त्याला योग्य नोकरी देणं मालकाला बंधनकारक होतं. नवा कायदा नको, योजना नको. आयटीआय चालवायला घेणाऱ्या कंपनीने ही एक ओळ प्रत्येक अप्रेंटिसच्या करारात घालावी, आणि मुलगा कंपनीच्या पटावर असेल की ठेकेदाराच्या, तेही तिथेच लिहावं. शंभर टक्क्यांवर ज्यांचा एवढा विश्वास आहे, त्यांनी सही करायला कचरण्याचं कारण नाही.