मोठी जोडी होल्डेमला: एका सोप्या नियमाचा प्रतिवाद

पोकरमधील ‘सायमल्टेनियस ओमाहा होल्डेम’ या, होल्डेम आणि ओमाहा हे दोन खेळ एकाच वेळी खेळण्याच्या मिश्र प्रकाराविषयी एक सल्ला सर्रास दिला जातो: हातातील सर्वांत मोठी जोडी होल्डेमला द्यावी, उरलेली चार पाने ओमाहात आपली वाट आपण शोधतात, एका रंगाची पाने जमली असतील तर ती सगळी तिथेच ठेवावीत, आणि अर्धा पॉट (डावावर लागलेली एकूण रक्कम) पक्का झाला की नुकसान होत नाही. या प्रकारात प्रत्येकाला सहा पाने मिळतात. त्यांतील दोन होल्डेमसाठी आणि चार ओमाहासाठी वेगळी काढायची असतात, टेबलावरची पाच पाने दोन्ही हातांना सामाईक असतात आणि पॉट दोन्हींत निम्मा-निम्मा वाटला जातो. पानांची ही वाटणी कधी करायची हे टेबलागणिक बदलते. येथे ती फ्लॉपपूर्वी, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने उघडण्याआधी होते असे धरले आहे.

पहिला मुद्दा मोठ्या जोडीचा. समजा, हातात इस्पिक व बदाम एक्का, चौकट व किलवर राजा, इस्पिक गुलाम आणि बदाम दश्शी आहे. सल्ला पाळला तर एक्के होल्डेमला जातात आणि ओमाहात दोन राजे, गुलाम व दश्शी असा चार वेगवेगळ्या रंगांचा हात उरतो. ओमाहात हातातली नेमकी दोनच पाने टेबलावरच्या तिघांसोबत वापरावी लागत असल्याने या हाताला फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) कधीच लागू शकत नाही. उलट राजे होल्डेमला दिले, तर ओमाहात एक्क्यांसोबत इस्पिक गुलाम आणि बदाम दश्शी येऊन इस्पिकची दोन आणि बदामची दोन पाने जमतात. न दिसलेल्या 46 पानांत या दोन्ही रंगांची प्रत्येकी 11 पाने शिल्लक असल्यामुळे टेबलावर त्यांपैकी एका रंगाची किमान तीन पाने येण्याची शक्यता सुमारे 16 टक्के असते. त्याबदल्यात मोजावी लागणारी किंमत किरकोळ आहे: एकाच यादृच्छिक हाताविरुद्ध एक्के सुमारे 85 टक्के, तर राजे सुमारे 82 टक्के वेळा जिंकतात. शिवाय राजांना ज्यांची खरी भीती, त्यांतले दोन एक्के आपल्याकडेच असल्याने प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचा एकच संयोग उरतो, एरवीचे सहा नव्हे. माझ्या मते ही वाटणी निर्विवादपणे सरस आहे.

एका रंगाची सगळी पाने ओमाहात ठेवण्याचा आग्रहही तपासून पाहावा. हातात चार बदाम आले, तरी त्यांपैकी ओमाहात दोनच उपयोगी पडतात. उरलेली दोन कुठेही असली तरी गठ्ठ्यात नऊच बदाम राहतात आणि टेबलावर किमान तीन बदाम येण्याची शक्यता सुमारे 4.4 टक्केच राहते. मग त्यांतली दोन होल्डेमला का देऊ नयेत? तसे केल्यास तीच तीन पाने दोन्ही हातांना एकाच वेळी फ्लश देतात.

‘अर्धा पॉट पक्का’ हे विधान तर हिशेबात टिकत नाही. दोघांनी शंभर-शंभर रुपये घातले असतील तर निम्मा पॉट म्हणजे आपलेच शंभर रुपये, तेही रेक (खेळ चालवणाऱ्याचा पॉटमधील हिस्सा) वजा होऊन. त्यातही 85 टक्के म्हणजे पक्के नव्हे. समोर तीन यादृच्छिक हात असले तर एक्क्यांची जिंकण्याची शक्यता सुमारे 64 टक्क्यांवर येते, आणि येथे प्रतिस्पर्धीही सहांतून निवडूनच आपला हात लावत असतात. सर्व पैसे आत गेल्यावर आपला वाटा दोन्ही हातांच्या शक्यतांच्या सरासरीइतका असतो. म्हणून सहा पानांच्या पंधराही वाटण्यांत दोन्ही हातांच्या शक्यतांची बेरीज पाहावी लागते.

तीन एक्के हाती आले तर मात्र मोठी जोडी होल्डेमला देण्याचा सल्ला योग्य ठरतो, कारण होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी सेटशिवायही (म्हणजे टेबलावर तसेच तिसरे पान न येताही) जिंकते आणि तिसऱ्या एक्क्याला ओमाहात त्याच रंगाचा जोडीदार देता येतो. तीन सत्त्यांचे तसे नाही. लहान जोडीची किंमत बव्हंशी सेटवर ठरते आणि टेबलावरचे पाचवे, शेवटचे पान (रिव्हर) येईपर्यंत तो लागण्याची सुमारे 20.8 टक्क्यांची शक्यता, तिसरी सत्ती आपल्याच ओमाहात अडकल्यामुळे, 10.9 टक्क्यांवर येते.