पर्गेटरी ५९३ साली जन्माला आली? फिरणाऱ्या एका यादीला उत्तर

नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. नेमक्या त्याच सुमारास ख्रिस्ती ग्रुपांवर एक यादी फिरायला लागते. कॅथलिक चर्चने बायबलबाहेरच्या कोणकोणत्या गोष्टी कधी ‘शोधून काढल्या’, हे त्यात सालवार मांडलेलं असतं. पर्गेटरीबद्दल, म्हणजे शुद्धिस्थानाबद्दल, ती यादी थोडक्यात असं सांगते: ही कल्पना इ.स. ५९३ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी काढली, १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने ती सक्तीची केली, बायबलमध्ये तिला काडीचाही आधार नाही, ती मेलेल्या पाप्याला दुसरी संधी देते आणि ख्रिस्ताचं बलिदान अपुरं ठरवते, आणि या सगळ्यामागचा हेतू पैसा.

घरातलं माणूस नुकतंच गेलेल्या कुटुंबाच्या मोबाइलवरही ही यादी येऊन पडते. ‘तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करता ती फसवणूक आहे’ असं ती त्यांना सांगत असते. म्हणून तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी चर्चची शिकवण काय आहे ते पाहू, कारण भांडण बऱ्याचदा तिच्याशी नसतं, तिच्याभोवती रंगवलेल्या चित्रांशी असतं. शिकवण दोनच गोष्टी सांगते. देवाच्या कृपेत मरण पावलेलं, पण पूर्ण शुद्ध न झालेलं माणूस देवाच्या भेटीआधी शुद्ध केलं जातं. आणि त्याला जिवंतांच्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्साबलिदानाचा, म्हणजे चर्चमध्ये वेदीवर होणाऱ्या अर्पणविधीचा, उपयोग होतो. ती जागा कुठे, किती वर्षं लागतात, आग कसली, यातलं काहीही श्रद्धेचा भाग म्हणून शिकवलेलं नाही.

आता ५९३ सालाकडे येऊ. पोप ग्रेगरींच्या जवळपास चारशे वर्षं आधी, इ.स. २०३ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात पर्पेच्युआ नावाची बावीस वर्षांची तरुणी होती. अंगावर पिणारं बाळ होतं आणि ख्रिस्ती झाल्याबद्दल तिला श्वापदांपुढे टाकायचं ठरलं होतं. तिने तुरुंगात लिहिलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. तिचा धाकटा भाऊ डिनोक्रॅटिस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या दुखण्याने गेला होता. तो तिला दृष्टान्तात दिसला. काळोख्या जागेतून तो बाहेर आला होता, मळलेला, तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्याने भरलेलं कुंड होतं, पण काठ त्याच्या डोक्यापेक्षा उंच. पाणी दिसत होतं आणि पिता येत नव्हतं. पर्पेच्युआने रात्रंदिवस रडून त्याच्यासाठी प्रार्थना केली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला. आता तो स्वच्छ होता, जखमेच्या जागी व्रण उरला होता, कुंडाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता. तो पोटभर पाणी प्यायला आणि मुलं खेळतात तसा खेळायला गेला. त्याची शिक्षेतून सुटका झाली हे मला कळलं, असं ती लिहिते. तिला हे कुणा पोपने शिकवलं नव्हतं, कुणी तिच्याकडून पैसे घेतले नव्हते, आणि ते पान लिहून थोड्याच दिवसांत ती मारली गेली.

ही एकटी पर्पेच्युआ नाही. त्याच शहरातला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. २११ च्या सुमारास लिहितो, की आम्ही मृतांसाठी त्यांच्या वर्षदिनी अर्पण करतो. तो हे रूढ चाल म्हणून सांगतो, नवी गोष्ट म्हणून नव्हे. आजच्या तुर्कस्तानातल्या अबेर्किउस या बिशपने तर जिवंतपणीच आपल्या थडग्यावर कोरून ठेवलं, की ज्याला हे समजेल त्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी. तो शिलालेख इ.स. २१६ च्या आधीचा आहे.

आणि मोनिका. इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात ती मरणपंथाला लागली होती. आफ्रिकेत नवऱ्याशेजारी पुरलं जावं म्हणून तिने थडगं तयार ठेवलं होतं, आणि परक्या भूमीत तिला मरण येऊ नये असं तिच्या एका मुलाला वाटत होतं. तिने दोन्ही मुलांना सांगितलं, हे शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. एवढंच मागते, तुम्ही कुठेही असा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. त्यातला दुसरा मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन. पुढे त्यांनी आपल्या वाचकांनाही आईसाठी प्रार्थना करायची विनंती केली. शुद्ध करणाऱ्या अग्नीविषयी मात्र ते फार जपून लिहितात: असं काही असणं अशक्य नाही, इतकंच. प्रार्थना ठाम होती आणि तिचं स्पष्टीकरण अजून चाचपडत होतं. हा क्रम ध्यानात घेतला, की ‘५९३ चा शोध’ आपोआप कोसळतो. लोक आपल्या मेलेल्यांसाठी आधी प्रार्थना करत होते. ती प्रार्थना कशासाठी, याचा विचार नंतर झाला.

आणखी एक साधी गोष्ट. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियन ही चर्चेस इ.स. ४५१ च्या कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेनंतर रोमपासून वेगळी झाली. रोमची पर्गेटरीविषयीची मांडणी ती मान्य करत नाहीत. तरी ती सगळी मृतांसाठी प्रार्थना करतात, आपल्याकडे केरळातली सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळीसुद्धा. ५९३ मध्ये रोममध्ये निघालेली गोष्ट दीडशे वर्षं आधी तुटलेल्यांनी त्या रोमकडूनच उचलली, असं म्हणायचं का?

१४३९ बद्दल थोडक्यात. फ्लॉरेन्सच्या आधी १२७४ मध्ये लियोंच्या परिषदेने हीच शिकवण मांडली होती. फ्लॉरेन्सला वाद होता तो ग्रीक चर्चशी, आणि मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही हा त्यातला प्रश्नच नव्हता, कारण ग्रीक ती करतच होते. त्यांचा आक्षेप आगीला होता. परिषदेच्या अंतिम ठरावात आगीचा उल्लेख नाही. इतिहासकारांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. स्वर्ग आणि नरक यांच्यामधली, स्वतःचं नाव आणि भूगोल असलेली तिसरी जागा, हे चित्र बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळक झालं. ते चित्राचं वय आहे, श्रद्धेचं नाही.

बायबलचा आधार? मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडा. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्यांखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी सैन्यात वर्गणी काढून दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मृतांची पापातून सुटका व्हावी म्हणून हे प्रायश्चित्त, असं ते पुस्तक म्हणतं. प्रॉटेस्टंट बंधू हे पुस्तक बायबलमध्ये धरत नाहीत, हे माहीत आहे. पण कॅथलिकांनी ते सोळाव्या शतकात घुसडलं हे खरं नाही, इ.स. ३९७ च्या कार्थेजच्या परिषदेच्या यादीत ते आहे. आणि बाजूला ठेवलं तरी इतिहास म्हणून ते उरतंच: ख्रिस्ताच्या आधी यहुदी लोक मृतांसाठी प्रार्थना करत होते आणि कद्दिश नावाच्या प्रार्थनेच्या रूपाने आजही करतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की ज्याचं काम जळून जाईल तोही वाचेल, पण आगीतून निघाल्यासारखा. त्या एकाच ओवीवर अख्खी शिकवण उभी करू नये हे मलाही पटतं. पण काडीचाही आधार नाही असं म्हणणाऱ्याने तिचा अर्थ तरी लावून दाखवावा.

‘दुसरी संधी’ हा तर निव्वळ गैरसमज. माणसाचा निवाडा मृत्यूच्या क्षणीच होतो आणि शुद्धिस्थानातला प्रत्येक जण तारलेला असतो. तिथून नरकाकडे वाट नाही. ख्रिस्ताचं बलिदान अपुरं पडतं म्हणून हे शुद्धीकरण नाही, ते त्याच बलिदानाच्या कृपेने होतं. नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो, की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं. आणि तरीही पापाचे परिणाम दावीदाला भोगावे लागतात. क्षमा झाली म्हणजे माणूस आतून सरळ झाला असं होत नाही, हे आपण स्वतःकडे पाहूनही सांगू शकतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात काही आधुनिक ईशज्ञानी मंडळींचं मत मांडलं आहे: जाळणारा आणि तारणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच, त्याच्या नजरेपुढे आपलं सगळं खोटं गळून पडतं.

उरला पैसा. इथे कॅथलिकांनी मान खाली घालून ऐकावं असं बरंच आहे. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी मृतांसाठीही क्षमापत्रांची, म्हणजे माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा सोडणाऱ्या चर्चच्या पत्रांची, सवलत दिली आणि १५१७ पर्यंत तिचा उघड बाजार झाला. माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांनी पदासाठी फुगर सावकारांकडून कर्ज काढलेलं, योहान टेट्झेल गावोगावी क्षमापत्रं विकतोय, आणि जमलेल्या रकमेतला निम्मा वाटा कर्जफेडीला, निम्मा रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामाला. हे पाप होतं, त्याला दुसरा शब्द नको. पण पर्पेच्युआची प्रार्थना २०३ ची आणि ही सवलत १४७६ ची. तब्बल बाराशे त्र्याहत्तर वर्षांनी आलेला व्यापार त्या प्रार्थनेचं कारण कसा असेल? खुद्द मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ मुद्द्यांमध्ये पर्गेटरी नाकारलेली नाही, हल्ला आहे तो व्यापारावर. ती त्याने उघडपणे नाकारली १५३० मध्ये.

आणि ज्या ग्रेगरींवर पैशाचा आरोप आहे त्यांनी सांगितलेली गोष्ट तरी वाचावी. त्यांच्या रोममधल्या मठात युस्तुस नावाचा वैद्य संन्यासी होता. त्याने नियम मोडून तीन सोन्याची नाणी लपवली होती. तो मेल्यावर ग्रेगरींनी ती नाणी त्याच्या प्रेतावर फेकायला लावली, तुझा पैसा तुझ्याबरोबर नष्ट होवो असं म्हणत. नंतर त्यांचंच मन द्रवलं आणि त्याच्यासाठी रोज एक अशी तीस दिवस मिस्सा अर्पण करवली. ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात त्या याच घटनेवरून. त्या तीस दिवसांचा मठाला एक पैसाही मिळाला नाही, होतं ते सोनंही खड्ड्यात गेलं होतं.

ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये क्षमापत्रांचे वसुलीदार बंद केले, १५६३ मध्ये पर्गेटरीच्या नावाने चालणाऱ्या अंधश्रद्धेला आणि हलक्या धनलोभाला मनाई केली, आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैसे द्यावे लागणारी क्षमादानं रद्द केली. आजच्या धर्मसंहितेचं कलम ९४७ मिस्साच्या देणगीत व्यापाराचा भासही नको म्हणतं. नाताळ सोडून धर्मगुरूला दिवसाची एकच देणगी स्वतःकडे ठेवता येते. आणि कलम ९४५ धर्मगुरूंना आग्रहाने सांगतं, की विशेषतः गरिबांच्या हेतूसाठी देणगी न घेताही मिस्सा अर्पण करा. तेव्हा हातात पैसे नाहीत म्हणून ज्यांनी आईसाठी मिस्सा मागितली नसेल, त्यांनी सरळ फादरांकडे जावं आणि तिचं नाव द्यावं.