आजींना १५ हजार का मिळू नयेत?

आज रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून बरेच जण थेट पतपेढीच्या वार्षिक सभेला आले. गणपूर्ती नव्हती, म्हणून नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकुबी आणि मग त्याच जागी सभा सुरू. लाभांश जाहीर झाला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून लाल लुगड्यातल्या एक आजी उठल्या. त्या भाजी विकतात. म्हणाल्या, "मला १५ हजार हवे होते. नोकरीवाला जामीनदार आण म्हणाले. माझ्या ओळखीत नोकरीवाला कुठून येणार?"

व्यासपीठावरून उत्तर आलं, "आजी, हा धंदा आहे. दानधर्म चर्चमध्ये." चार जण हसले. पुढचा विषय.

त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही. दानधर्म कोणी मागितला होता? त्यांनी कर्ज मागितलं होतं, व्याजासकट फेडायचं. आणि हे आपल्याच ख्रिस्तसभेची शिकवण मानणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं! पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ ला 'रेरुम नोवारुम' हे पत्र काढलं. त्यात गरिबांच्या हातावर चार आणे ठेवा एवढंच म्हटलेलं नाही. कामगाराला कुटुंब चालेल एवढी मजुरी मिळणं हा न्याय आहे, त्याला संघटना उभारायचा हक्क आहे, असं म्हटलंय. १९३१ मध्ये अकरावे पायस यांनी पुढचं सांगितलं: जे काम लहान गट स्वतः करू शकतो ते वरच्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये. गावची पतपेढी म्हणजे हेच तत्त्व, फक्त पासबुकाच्या रूपात. कॅनडातल्या लेव्ही गावात आल्फोन्स देजार्दिन यांनी १९०० मध्ये लोकांची पतसंस्था काढली, ती धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्यांच्या, आधारानेच पसरली. आपल्या वसईत मोन्सिनिअर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये कॅथॉलिक सहकारी बँक उभी केली. ते धर्मगुरू होते. त्यांना कोणी म्हटलं असतं का, की फादर, तुम्ही पैशाच्या व्यवहारात पडू नका?

आता आजींचा हिशेब. १५ हजार, १० महिने, वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच. सरासरी शिल्लक साधारण साडेसात हजार, म्हणजे व्याज ७५०. एकूण १५,७५०. ३०० दिवसांत फेडायचे तर दिवसाला साडेबावन्न रुपये. पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा पतपेढीचा माणूस, रोज बाजारात येतोच, त्याच्याकडेच हप्ता जमा करायचा. कर्ज इथे फसतं ते हप्त्याच्या पद्धतीमुळे. रोज सुटे पैसे कमावणाऱ्या बाईकडे महिन्याच्या १० तारखेला एकरकमी हप्ता मागितला, की त्या दिवशी नेमके पैसे नसतात. मग दंडव्याज, मग "ही माणसं फेडत नाहीत" असा शेरा. आणि हेच व्याज मूळ रकमेवर सरसकट लावलं तर ७५० चे १५०० होतात. दर तोच, बोजा दुप्पट. कर्ज घेताना हा एक प्रश्न विचाराच: व्याज घटत्या शिलकीवर की सरसकट?

जामीनदाराचंही तसंच. पगाराची स्लिप हा एकच पुरावा कशाला? बाजारातल्या पाच जणी एकमेकींना जामीन राहू शकतात. सहा महिन्यांची पिग्मीची नोंद स्लिपपेक्षा जास्त सांगते.

थकबाकी ही खरी अडचण आहे, मान्य. पैसे ठेवीदारांचे आहेत, उधळायचे नाहीत. पण ५० लाखांचं एक कर्ज बुडालं तर आजींसारखी ३३३ कर्जं त्यात मावतात, आणि तसं मोठं कर्ज मंजूर करताना कोणी हसत नाही. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा आणि लाभांश १५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हे महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातच आहे. म्हणजे सभासदाने हव्यास धरू नये हे कायद्यालाही कळतं. मग आपण टाळ्या नेमक्या कशाला वाजवल्या?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे वसईची हिरवाई वाचवायला, रस्त्यावर उतरले तेव्हाही "पाद्र्यांनी वेदीपाशी राहावं" म्हणणारे होतेच. पाणी, जमीन, मजुरी, कर्ज हे सगळं वेदीबाहेरचं मानलं तर वेदीपाशी उरतं काय? हो, आपल्या काही संस्था स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कमी पगार देतात, तेही बोललं पाहिजे. तिथेही तीच शिकवण लागू आहे.

व्यासपीठावरची माणसं वाईट नाहीत. संध्याकाळी विनावेतन येऊन बसतात, वह्या तपासतात, वसुलीला गेल्यावर शिव्या खातात. म्हणूनच त्यांच्या तोंडून ते वाक्य जास्त लागलं. आजी सभा संपेपर्यंत बसल्या होत्या. खाऊचं पाकीट न उघडता पिशवीत टाकलं, नातवासाठी असावं.

पुढच्या सभेसाठी ठराव लिहिलाय: २५ हजारांपर्यंतच्या कर्जाला पाच सभासदांचा परस्पर जामीन चालावा, हप्ता पिग्मीतून घ्यावा, व्याज घटत्या शिलकीवर आकारावं आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं. सूचक तयार आहे, अनुमोदक हवा. जो सभासद असेल त्याने इनबॉक्समध्ये सभासद क्रमांक पाठवा.