वादातले बिल आणि वसुलीचे फोन

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी माझ्या नावावरचे एक पोस्टपेड कनेक्शन बंद करण्यासाठी कंपनीच्या सांगलीतल्या गॅलरीत जाऊन लेखी अर्ज दिला, तोपर्यंतचे सगळे बिल भरले आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. तरीही त्या क्रमांकाचे बिल पुढचे चार महिने निघत राहिले. ४९९ रुपये मासिक आकार, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि शिवाय विलंब आकार असे करत जुलैअखेर २,७५५ रुपये माझ्या नावावर चढले. बिले एका जुन्या ई-मेलवर जात असल्यामुळे मला हे जुलैमध्येच कळले. मी त्याच दिवशी तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला आणि शिक्क्याची प्रत जोडली. दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला. काय निवारण झाले, ते त्यात नव्हते आणि रक्कमही तशीच होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले, आणि ते मला नाही, माझ्या आईला. कनेक्शन घेताना पर्यायी क्रमांक म्हणून मी तिचा क्रमांक लिहिला होता. आई ७४ वर्षांची आहे. आयुष्यभर तिने वाण्याची उधारीसुद्धा महिनाअखेरीच्या आत चुकती केली. तिला सकाळी साडेसात वाजता फोन करून ‘लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या मुलीवर केस होणार, घरी पोलीस येतील’ असे सांगितले गेले. चार-पाच दिवस तिने मला काहीच कळू दिले नाही. मग एका संध्याकाळी तिने कपाटातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘यात तीन हजार आहेत. भरून टाक बाई, कुणाचे देणे आपल्या नावावर नको.’ मी तिला शिक्क्याचा कागद दाखवला, आपण कुणाचे काही लागत नाही हे पुन्हा पुन्हा समजावले, पण तिची झोप उडाली ती उडालीच.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. बिल चुकले, हे मी समजू शकते. लाखो बिले निघतात, त्यात चुका होणारच. परंतु ग्राहकाने बिल लेखी नाकारल्यानंतरही कंपनी ती रक्कम ‘थकबाकी’ म्हणून एजन्सीकडे पाठवते, आणि त्या यादीबरोबर तक्रार जात नाही. एजंटच्या पडद्यावर नाव, क्रमांक आणि रक्कम एवढेच असते. मी तक्रार क्रमांक सांगितला तेव्हा तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे तसे काही दिसत नाही.’ तो खोटे बोलत नव्हता. पुढच्याच वाक्यात मात्र त्याने आज भरल्यास निम्म्यात मिटवण्याची तयारी दाखवली. मी न वापरलेल्या सेवेचे अर्धे पैसे तरी का द्यावेत?

पोलिसांच्या धमकीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण वयस्कर माणसे तिलाच सर्वांत जास्त घाबरतात. मोबाईलचे बिल थकणे ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी कुणाला अटक होत नाही. उलट धाकदपटशा करून पैसे मागणाऱ्याविरुद्धच पोलिसांत तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये गुन्हेगारी स्वरूपाच्या धमकीची तरतूद आहे.

वेळेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितले आहे, आणि बहुतेकांना वाटते तसे मलाही वाटले होते की हा नियम सगळ्याच वसुलीला आहे. तो तसा नाही. तो बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जवसुलीसाठी आहे. मोबाईल कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात येत नाहीत. म्हणजे ज्याने बँकेचे लाखाचे कर्ज थकवले त्याला सकाळी साडेसातला फोन येऊ नये अशी व्यवस्था आहे, आणि काहीच न थकवलेल्या माझ्या आईला ते संरक्षण नाही.

मला उपयोगी पडले ते अपील. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर एक अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे अपील करायला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे आपल्या बिलाच्या तक्रारीची पत्रे तिकडे पाठवण्यात वेळ घालवू नये. माझ्या अपिलाचा निकाल सप्टेंबरमध्ये लागला: मार्चनंतरची सर्व बिले रद्द. मी आईला तो कागद वाचून दाखवला आणि आम्हाला दोघींना वाटले की संपले.

नोव्हेंबरमध्ये वकिलाच्या नावाने नोटीस आली. राष्ट्रीय लोकअदालत, दाखलपूर्व प्रकरण, २,७५५ रुपये, अमुक तारखेला जिल्हा न्यायालयात हजर राहावे. नोटिशीवर ‘न्यायालय’ हा शब्द पाहून आईचे हातपाय गार पडले. दाखलपूर्व याचा अर्थ अजून कोणताही दावा दाखल झालेला नाही, आणि लोकअदालतीत दोन्ही पक्ष राजी झाले तरच निवाडा होतो. तडजोड झाली नाही तर तिथे कुणावर काही लादता येत नाही. (टेलिफोन सेवेसारख्या बाबींसाठी असलेली कायमस्वरूपी लोकअदालत वेगळी, तिला गुणदोषांवर निर्णय देता येतो. म्हणून नोटीस नेमकी कुठली आहे हे नीट वाचावे, आणि कोणतीही नोटीस फेकून देऊ नये.) मी गेले. कंपनीच्या टेबलासमोर लांब रांग होती, आणि माझ्या पुढचे किमान सहा-सात जण एक शब्दही न बोलता हजार-दीड हजार भरून पावती घेऊन गेले. त्यांतले काही खरोखरच देणेकरी असतील. सगळेच होते का, हे त्या टेबलावर कुणी विचारत नव्हते. मी अपिलाचा निकाल पुढे ठेवला. प्रतिनिधीला त्याची कल्पनाच नव्हती, खुद्द त्याच्या कंपनीचा निकाल असूनही. तडजोड झाली नाही अशी नोंद होऊन मी घरी आले.

कुणी म्हणेल, मग ग्राहक आयोगात जा. जाता येते, निवासाच्या जिल्ह्यात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही. पण हे दार उघडे आहे की नाही याच वादात अहमदाबादच्या एका ग्राहकाची जवळजवळ आठ वर्षे गेली. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या त्या माणसाला २०१३ मध्ये एका महिन्याचे २४,६०९ रुपये ५१ पैसे बिल आले होते. टेलिफोनचे वाद ग्राहक मंचाऐवजी (आताचा ग्राहक आयोग) लवादाकडे न्यावेत अशी तार कायद्यातली तरतूद आणि तेच सांगणारा २००९ चा एक निकाल त्याच्या आड आला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचाला असे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे असे सांगितले, तेव्हा कुठे मूळ तक्रार ऐकण्याचा मार्ग मोकळा झाला.

माझे मागणे एवढेच आहे की तक्रार किंवा अपील प्रलंबित असेपर्यंत ती रक्कम वसुलीला देण्यास ट्रायने मनाई करावी, प्रत्येक वसुली यादीत तक्रार क्रमांकाचा रकाना सक्तीचा असावा, आणि ग्राहकाशिवाय घरातल्या दुसऱ्या कुणालाही फोन करू नये. यासाठी मी ट्रायला आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाला पत्रे पाठवली आहेत. ज्यांना हाच अनुभव आला आहे त्यांनी तारखा आणि कागद जपून ठेवावेत व मला कळवावे. एकत्र निवेदन देता येईल.

गेल्या महिन्यात आणखी एका नव्या एजन्सीचा फोन आला. या वेळी आईनेच तो घेतला, निकालाचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवली आणि समोरच्याला तो लिहून घ्यायला लावला. तीन हजारांचे पाकीट मात्र तिने अजून कपाटात तसेच ठेवले आहे.